डहाणू-तलासरीच्या अभ्यासाची थकलेली बाकी

महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवर, एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस सह्याद्रीच्या उतरत्या डोंगरओळी यांच्या मधोमध वसलेले डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके नकाशावर लहानच दिसतात. परंतु विद्येच्या जितक्या भिन्न शाखांनी गेल्या शतकभरात या मुलखाची वाट धरली, तितक्या शाखांचे लक्ष लाभणे फार थोड्या प्रदेशांच्या वाट्यास येते. ताम्रपट वाचणारे पुराभिलेखविद येथवर पोहोचले, आदिवासींच्या चालीरीतींची नोंद घेणारे मानववंशशास्त्रज्ञ आले, बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ आल्या, कुडाच्या भिंतीवरील पांढऱ्या रेषांचा अर्थ लावणारे कलासमीक्षक आले, चिकूच्या बागांची पाहणी करणारे कृषिशास्त्रज्ञ आले, धुरातील गंधकाचे प्रमाण मोजणारे रसायनज्ञ आले, जमिनीची थरथर टिपणारे भूकंपशास्त्रज्ञ आले आणि सर्पदंशाचा अभ्यास करणारे वैद्यकीय संशोधकही आले. इतक्या विद्या एका मुलखात येऊनही त्या मुलखाच्या हाती त्यांतले किती उरले, हा प्रश्न या लेखात मांडावयाचा आहे. आणि त्याचे उत्तर समाधानकारक नसेल, तर विद्यापीठांनी काय करावयास हवे, हेही निःसंदिग्ध शब्दांत सांगावयाचे आहे.

एके काळी या भागातील माळरानांवरचे गवत वारल्यांच्या विळ्यांनी कापले जाई, त्याच्या गठड्या बांधल्या जात आणि तो माल मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होई. कापणाऱ्याच्या पदरी तुटपुंजी मजुरी तेवढी राही. संशोधनाचा व्यवहारही बहुतांशी त्याच धर्तीवर चालत आला आहे. माहिती येथली, ती सांगण्यात खर्ची पडलेला दिवस येथल्या माणसांचा, आणि निष्पन्न झालेला ग्रंथ, प्रबंध अथवा अहवाल मात्र दूरच्या ग्रंथालयात, बहुधा इंग्रजीत, ज्यांच्याविषयी तो लिहिला गेला त्यांच्या दृष्टीच्या पलीकडे. यात कोणा एका संशोधकाचा दुष्ट हेतू आहे असे म्हणण्याचे कारण नाही. कित्येकांनी या लोकांवर मनापासून प्रेम केले आहे. दोष आहे तो पद्धतीचा, आणि पद्धत बदलणे हे व्यक्तीपेक्षा संस्थेचे काम असते.

चिंचणीच्या ताम्रपटांचे उदाहरण घेऊ. राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या कारकिर्दीतील, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ मधील एक दानलेख डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडला आणि दिनेशचंद्र सरकार यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’त संपादून प्रसिद्ध केला. संयान मंडलाचा, म्हणजे आज गुजरातेत असलेल्या संजाणच्या भोवतालच्या मुलखाचा, कारभार त्या काळी राष्ट्रकूटांच्या वतीने एक ताजिक, म्हणजे अरब वंशाचा, अधिकारी पाहत होता. लेखात त्याचे नाव मधुमति असे संस्कृत वळणाने आले आहे. त्याच्या अमलात नदीप्रवाहांवर विनामूल्य तरीची सोय झाली, वाटसरूंना साळीचा भात, कालवण आणि तूप देणारे अन्नछत्र चालले, आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेस त्याच्या संमतीने जमिनीचे दान मिळाले. अकराशे वर्षांपूर्वीच्या या किनाऱ्यावर निरनिराळ्या धर्मांची आणि देशांची माणसे कोणत्या व्यवहाराने एकत्र नांदत होती, याचा इतका स्पष्ट पुरावा मिळणे दुर्मीळ आहे. परंतु चिंचणीच्या शाळेतील मुलाला राष्ट्रकूट म्हटले म्हणजे वेरूळचे कैलास लेणे तेवढे ठाऊक असते. आपल्याच गावच्या मातीतून निघालेल्या या लेखाचा सुबोध मराठी अनुवाद त्याच्या शाळेच्या कपाटात असावा, ही कोणाचीच जबाबदारी ठरलेली नाही. पुढे २००२ ते २००४ या काळात संजाण येथे पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. बोर्डीजवळच्या डोंगरातील बहारोटच्या लेण्यांत पारशी बांधवांनी संजाणच्या पाडावानंतर आपला पवित्र अग्नी सांभाळला, ही परंपराही सर्वश्रुत आहे. ताम्रपट, उत्खनन आणि पारशी समाजाची स्मृती ही एकाच किनाऱ्याच्या एकाच हकीकतीची तीन पाने असूनही ती एकत्र बांधून या किनाऱ्यावरील वाचकापुढे ठेवण्याची तजवीज झालेली नाही.

या मुलखाच्या दृष्टीने १९४५ हे वर्ष फार विचार करण्याजोगे आहे, कारण वारली समाजाला जाणून घेण्याच्या तीन अगदी वेगळ्या रीती त्या एकाच वर्षी येथे प्रत्ययास आल्या. त्या वर्षी के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा इंग्रजी ग्रंथ मुंबईत प्रकाशित झाला आणि या समाजाची देवदैवते, लग्नविधी आणि रीतिरिवाज यांची पद्धतशीर नोंद अभ्यासकांना उपलब्ध झाली. त्याच वर्षी मे महिन्यात, तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील आणि आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली शेतकरी एकत्र जमले, वेठ आणि लग्नगडीची पद्धत यापुढे चालू देणार नाही असा त्यांनी निर्धार केला, आणि पुढे पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मजुरी मिळावी यासाठी संप केला. ऑक्टोबरात तलासरी परिसरात पोलिसांच्या गोळीबारास आदिवासी बळी पडले. आणि त्याच वर्षी बोर्डीत ताराबाई मोडक यांनी, अनुताई वाघ यांना साथीस घेऊन, ग्राम बालशिक्षा केंद्राचा पाया घातला. नोंद करणारे ज्ञान, अन्यायाविरुद्ध उभे राहताना मिळालेले ज्ञान आणि मुलांना शिकविता शिकविता मिळालेले ज्ञान, अशी ही तीन रूपे होती; आणि या तिन्हींची तुलना केली असता आपल्या विषयाचे मर्म हाती लागते.

लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको जन्मभर सावकाराच्या शेतावर राबत, ही गोष्ट सरकारला अज्ञात नव्हती. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १९३८ साली आदिवासी आणि डोंगरी जमातींच्या स्थितीविषयी मुंबई सरकारला जो अहवाल सादर केला, त्यात या पिळवणुकीचा तपशील आलेला आहे. अहवाल खरा होता, परखडही होता. परंतु तो सरकारसाठी लिहिलेला होता आणि सरकारी दफ्तरातच त्याचे वास्तव्य राहिले. उलट गोदावरीबाईंनी आपला अनुभव पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात मराठीत लिहिला. साहित्य अकादमीने त्याचा गौरव केला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्यांच्याविषयी ते लिहिले होते त्यांची शिकलेली मुले-नातवंडे ते वाचू शकली. तलासरीच्या महाविद्यालयास आज त्यांचे नाव आहे. एकच सत्य दोन ठिकाणी लिहिले गेले. एक दफ्तरात राहिले आणि दुसरे लोकांत परत आले. संशोधनाच्या खरेपणाइतकेच महत्त्व त्याच्या परतीच्या वाटेला का आहे, हे याहून अधिक स्पष्ट कशाने होईल?

परंतु संशोधनाची जात कशी असावी, याचा सर्वांत उज्ज्वल वस्तुपाठ या मुलखाला कोसबाडच्या टेकडीवर मिळालेला आहे. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना करणाऱ्या ताराबाई जेव्हा बोर्डीत आल्या, तेव्हा त्यांच्यापाशी माँटेसरी पद्धतीचे शास्त्र होते. परंतु त्या शास्त्राची साधने महाग, आणि ज्या मुलांसाठी ती वापरावयाची ती मुले मुळात शाळेत येईनात. दुसऱ्या कोणी ‘आदिवासींना शिक्षणाची गोडी नाही’ असा निष्कर्ष काढून प्रकरण मिटविले असते. ताराबाईंनी आणि अनुताईंनी मुलांच्या घरी जाऊन पाहिले. मूल शाळेत येत नव्हते, कारण मोठ्या मुलाकडे गुरे होती आणि मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड होते. तेव्हा बालवाडी त्यांनी पाड्याच्या अंगणात नेली आणि अंगणवाडी उभी राहिली. गुराख्यांसाठी शाळा कुरणात नेली आणि कुरणशाळा सुरू झाली. धाकट्यांच्या पाळणाघरापासून मोठ्यांच्या शाळेपर्यंत सर्व वयांची मुले एका छत्राखाली आणणारी विकासवाडी आकारास आली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आणि माती आली, आणि त्यांतून मोजणे, वर्गवारी करणे, आकार ओळखणे हे सारे शिकविता येऊ लागले. १९५७ च्या सुमारास हे कार्य बोर्डीहून कोसबाडला गेले आणि तेथे रुजले.

या कार्याचा उल्लेख आपण ‘समाजसेवा’ म्हणून करतो, आणि त्यात एक महत्त्वाची गोष्ट निसटते. गृहीतक मांडणे, ते अनुभवाच्या कसोटीवर तपासणे, ते खोटे ठरल्यास टाकून देणे, नवी रचना करून पुन्हा पडताळणे आणि निष्कर्ष इतरांना वापरता येईल अशा रीतीने लिहून ठेवणे, यालाच शास्त्रीय पद्धती म्हणतात; आणि कोसबाडला नेमके हेच घडत होते. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभिली, तेव्हा देशभरातील तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. डहाणू तालुक्याच्या अंगणात जी रीत सिद्ध झाली तिचे नाव सबंध देशाने स्वीकारावे, याहून मोठी मान्यता कोणत्या संशोधनास मिळाली आहे? आणि ही मान्यता मिळण्याचे कारण एवढेच, की येथे ज्ञान जेथून घेतले तेथेच ते प्रथम परत केले गेले.

याउलट ज्ञान तुकड्यांत विभागले गेले म्हणजे काय होते, हे वारली चित्रकलेच्या अभ्यासावरून ध्यानी येईल. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना पद्मश्री मिळाली, वारली चित्रांना भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण लाभले, यशोधरा दालमिया यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांवर साक्षेपी ग्रंथ लिहिले. हे सर्व अभिमानास्पदच आहे. तथापि मूळ विधी पाहावा. लग्नघरात गेरूने वा शेणमातीने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, चौकाच्या मध्यभागी पालघट देवी येते, आणि धवलेरी लग्नविधीची गाणी म्हणते. रेषा, गाणे, धान्य आणि देवी या चारही गोष्टी त्या घरात एकाच प्रसंगी एकत्र असतात. कलेचा अभ्यासक रेषा नेतो, भाषेचा अभ्यासक गाणे नेतो, वनस्पतीचा अभ्यासक धान्याचे वाण नेतो आणि धर्माचा अभ्यासक देवी नेतो. चार विद्यापीठांत चार प्रबंध होतात आणि ते एकमेकांची तोंडे पाहत नाहीत. ज्या धवलेरीने सर्वांना सांगितले, तिच्या नातीला चारांपैकी एकही वाचावयास मिळत नाही.

ही झाली जुन्या आणि शांत विषयांची गोष्ट. परंतु जेथे प्राणावर बेतते तेथेही हीच रीत चालावी हे अधिक दुःखाचे आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिने धुंदलवाडी, हळदपाडा आणि आसपासच्या गावांतील लोकांची झोप हिरावून घेतली. जमिनीखालून स्फोटासारखा आवाज यावा, भांडी खणखणावीत, भिंतीला भेग पडावी आणि लोकांनी मुलांना उचलून बाहेर धाव घ्यावी, हा रोजचा प्रकार झाला. थंडीच्या दिवसांत कुटुंबेच्या कुटुंबे तंबूंत आणि उघड्यावर निजली, शाळा बाहेर भरल्या. फेब्रुवारी २०१९ च्या आरंभी चारहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला आणि त्या दिवसाच्या धावपळीत एक लहानगी मुलगी दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपमापक बसविले, आकडे गोळा झाले, शास्त्रीय निबंध प्रसिद्ध झाले. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोलवर झिरपून दाब वाढतो आणि त्यामुळे असे उथळ धक्के बसतात, असे एक स्पष्टीकरण शास्त्रज्ञांनी मांडले. भूगर्भातील जुन्या भेगांच्या हालचालींचाही विचार झाला. महाराष्ट्राला ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आणि १९८३ मधील भातसा परिसरातील धक्क्यांची आठवण असल्याने लोकांची भीती अवास्तव नव्हती.

आता धुंदलवाडीच्या गृहस्थापुढे कोणते प्रश्न होते, ते पाहा. याहून मोठा धक्का येईल काय? माझ्या घरात निजणे सुरक्षित आहे काय? मूल रात्री दचकून उठते त्यास काय करावे? पहिला प्रश्न भूगर्भशास्त्राचा, दुसरा स्थापत्याचा, तिसरा मानसशास्त्राचा. परंतु विचारणारा माणूस एकच आणि रात्रही एकच. त्यांतील दुसऱ्या प्रश्नावर क्षणभर थांबू. या भागातील पारंपरिक घर कुडाचे असते: लाकडी मेढी उभ्या करून त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्या विणून त्यांवर शेणमातीचा लेप दिलेला असतो. ही भिंत वजनाने हलकी, हादऱ्यास लवचिक, आणि पडली तरी प्राण घेण्याइतकी जड नसते. घरकुल योजनेत किंवा पदरमोड करून जी पक्की घरे उभी राहतात, ती विटांची अथवा दगडांची. आणि पाया, दारे-खिडक्यांची माथी आणि छप्पर या पातळ्यांवर काँक्रीटचे सलग पट्टे न घालता ती बांधली गेली, तर हादऱ्यात हीच घरे अधिक घातक ठरतात. कुडाच्या घराला ‘मागास’ न म्हणता त्याचे भूकंपशास्त्रीय गुण तपासावेत, त्याच्या मेढीला वाळवी लागू नये आणि पावसात पाया भिजू नये यासाठी त्यात सुधारणा करावी, आणि वारली सुताराच्या कौशल्याला स्थापत्यशास्त्राची जोड द्यावी, असा प्रकल्प मानववंशशास्त्र, स्थापत्य आणि भूशास्त्र या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून करण्याजोगा आहे. एका शाखेच्या विद्यार्थ्यास तो एकट्याने पेलणार नाही, आणि धुंदलवाडीत जाऊन राहिल्याखेरीज तिघांनाही तो सुचणार नाही.

विद्या एकत्र आल्यास काय साधते, याचे प्रत्यंतरही याच तालुक्यात आहे. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र चालते. भातकापणीच्या दिवसांत अनवाणी पायांनी शेतात जाणाऱ्या आणि जमिनीवर निजणाऱ्या माणसाला घोणस किंवा मण्यार डसली म्हणजे पहिल्या तासांत तो भगताकडे जातो की रुग्णालयात येतो, यावर त्याचे प्राण अवलंबून असतात; हे ओळखून सर्पदंशावरील कामात संशोधकांनी डॉक्टर, सर्पमित्र आणि भगत या सर्वांना विश्वासात घेतले. भगताला वैरी ठरविण्याऐवजी रोग्याला तातडीने रुग्णालयाकडे धाडणारा साथीदार बनविणे, ही कल्पना समाजशास्त्र आणि वैद्यक यांच्या संयोगातूनच जन्मास येऊ शकते.

दुसरे प्रत्यंतर डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाचे. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून जाहीर केला; त्या अधिसूचनेची अंमलबजावणी व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशान्वये १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली हे प्राधिकरण अस्तित्वात आले. पाचशे मेगावॅटच्या औष्णिक केंद्राच्या धुराविषयी बागायतदारांच्या तक्रारी, रसायनज्ञांची मोजमापे, अभियंत्यांचे आक्षेप आणि कायद्याचा अर्थ, हे सारे तेथे एकाच सुनावणीत समोरासमोर आले. १९९९ मध्ये धुरातील गंधक काढून टाकणारे संयंत्र बसविण्याचा आदेश झाला आणि २००७ मध्ये ते प्रत्यक्ष उभे राहिले. ज्या घोलवड-डहाणूच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक निर्देशन मिळाले, त्याच्या बागांच्या रक्षणाच्या इतिहासात या सुनावण्यांचे स्थान मोठे आहे. वाढवण बंदराच्या प्रस्तावासही याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला आणि पुढे जुलै २०२३ मध्ये अटींसह संमती दिली. ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या त्या बंदराच्या इष्टानिष्टतेचा निर्णय या लेखात करावयाचा नाही. परंतु अशा निर्णयांत शास्त्रीय अहवाल विचारात घेतले जातात, आणि वरोर, वाढवण, धाकटी डहाणू येथील मच्छीमाराला ते अहवाल स्वतः वाचून पारखता आले असते, तर त्याचा पाठिंबा अथवा विरोध अधिक सबळ झाला असता, यात शंका नाही.

येथे एक विसंगती नजरेस आणून द्यावीशी वाटते. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार प्रकल्प उभारणाऱ्याला आपल्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत जनसुनावणीपूर्वी लोकांपुढे ठेवावा लागतो. नफ्यासाठी येणाऱ्या कारखानदारावर कायद्याने जे किमान बंधन घातले आहे, तेवढेही बंधन ज्ञानासाठी येणाऱ्या विद्यापीठाने स्वतःवर घालून घेतलेले नाही. ज्ञानाचा दावा अधिक पवित्र असेल, तर त्याची जबाबदारीही अधिक असावयास नको काय?

हा प्रश्न आजच निकडीचा होण्यास आणखी एक कारण आहे. २००६ पासून राज्यातील विद्यापीठांत ‘आविष्कार’ हे संशोधन संमेलन भरते आणि त्यात मानव्यविद्या-भाषा-ललित कला, वाणिज्य आणि विधी, शुद्ध विज्ञान, कृषी आणि पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, वैद्यक आणि औषधनिर्माण अशा सहा गटांतील विद्यार्थी एकाच मांडवाखाली आपले प्रकल्प मांडतात. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्यालाही क्षेत्रीय प्रकल्प आणि समाज-सहभागाचे उपक्रम श्रेयांकांसाठी करावे लागत आहेत. म्हणजे पूर्वी जेथे मूठभर प्रबंधकार येत, तेथे यापुढे विद्यार्थ्यांचे तांडेच्या तांडे प्रश्नावल्या घेऊन पाड्यांवर उतरणार. मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या बोलीत ज्याला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात, ते काळ्या कापडी बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे प्रकल्पपुस्तक तोंडी परीक्षा होईपर्यंत जिवापाड जपले जाते आणि त्यानंतर महाविद्यालयाच्या कपाटात धूळ खात पडते. गुण मिळाले की त्याचे कार्य संपले, अशी सर्वांची समजूत. ही समजूत कायम ठेवून आपण प्रकल्पांची संख्या वाढविली, तर पाड्यावरच्या माणसाच्या वाट्याला अधिक प्रश्न येतील आणि उत्तर पूर्वीइतकेच, म्हणजे काहीच नाही, असे होईल.

म्हणून माझी सूचना नेमकी आहे, आणि तिला फारसा खर्चही येणार नाही. डहाणू-तलासरीत होणाऱ्या प्रत्येक प्रबंधाची, प्रकल्पाची आणि अहवालाची एक प्रत याच मुलखात जमा झाली पाहिजे. तलासरीच्या किंवा बोर्डीच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय हे त्याचे स्वाभाविक दफ्तर होय. त्या प्रतीस दोन-तीन पृष्ठांचा मराठी गोषवारा जोडलेला असावा, आणि तो गोषवारा तज्ज्ञांसाठी नसून बारावी शिकलेल्या वाचकासाठी लिहिलेला असावा. पदवी प्रदान होण्यापूर्वी संशोधकाने ज्या गावातून माहिती घेतली त्या गावच्या ग्रामसभेत आपले निष्कर्ष वाचून दाखवावेत आणि लोकांनी काढलेल्या चुका परिशिष्टात नोंदवाव्यात. आणि वर्षातून एकदा, या मुलखात काम करणाऱ्या सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांनी याच मुलखात एकत्र बसावे, म्हणजे भूकंप अभ्यासणाऱ्याची आणि घरे अभ्यासणाऱ्याची, चिकू अभ्यासणाऱ्याची आणि धूर अभ्यासणाऱ्याची गाठ पडेल. हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडतात आणि १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेस विशेष अधिकार दिलेले आहेत. तेव्हा ग्रामसभेपुढे जाणे हे उपकार म्हणून करावयाचे नसून तिच्या दर्जाला अनुसरून करावयाचे आहे.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा, की ज्ञानाला तात्कालिक उपयोगाच्या दावणीस बांधले तर शुद्ध संशोधन मरेल. परंतु येथे उपयोगाची अट कोणी घातलेली नाही. चिंचणीचा ताम्रपट वाचून कोणाच्या शेतात धान्य पिकणार नाही, तरीही चिंचणीच्या मुलाला तो वाचण्याचा हक्क आहे. मागणी आहे ती सांगण्याची. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: औषधी वनस्पतींचे आणि मासेमारीचे पारंपरिक ज्ञान असे उघड दफ्तरात ठेवले, तर ते व्यापारी लुबाडून नेणार नाहीत काय? नेतील, आणि म्हणूनच कोणती नोंद सर्वांस खुली आणि कोणती बंद, याचा निर्णय ग्रामसभेकडे असला पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लोकजैवविविधता नोंदवहीची जी कल्पना मान्य केली आहे, तिच्यात या व्यवस्थेचे बीज आहे. शिवाय आजची स्थिती काय आहे? आज हे ज्ञान बाहेरच्यांना प्रबंधांतून उपलब्ध आहेच. उपलब्ध नाही ते फक्त ज्यांचे आहे त्यांना.

आणि वाचणार कोण, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर तलासरीच्या महाविद्यालयातील बाकांवर बसलेले आहे. ज्यांच्या आजोबांनी वेठ सोसली, त्यांची नातवंडे आज तेथे विज्ञान आणि वाणिज्य शिकत आहेत. धवलेरीचे गाणे त्यांच्या कानावर लहानपणापासून आहे, धुंदलवाडीचे धक्के त्यांनी सोसले आहेत, मासेमारीची डोल कशी लावतात आणि कुड कसा विणतात हे त्यांना कोणी प्रश्नावलीतून विचारावयास नको. आजवर इतरांच्या संशोधनात त्यांच्या घरच्यांचा क्रम ‘माहितीदार’ म्हणून लागला. यापुढे ती स्वतः संशोधक म्हणून उभी राहावयाची असतील, तर आपल्या मुलखाविषयी आजवर काय लिहिले गेले आहे, हे त्यांना प्रथम हाताशी मिळावयास हवे. पूर्वसूरींचे लेखन ज्याला वाचावयास मिळत नाही, त्याच्याकडून नवे संशोधन मागणे अन्यायाचे आहे.

मुंबई विद्यापीठाच्या विद्यापरिषदेने या आशयाचा ठराव करावा आणि त्याचा अंमल प्रथम या दोन तालुक्यांपुरता, येत्या शैक्षणिक वर्षापासूनच करून पाहावा. यास नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. लागते ती मार्गदर्शक प्राध्यापकाच्या सहीपूर्वी आणखी एका अटीची नोंद. शंभर वर्षे ज्या मुलखाने इतक्या विद्यांना विषय पुरविला, त्याच्या खात्यावर त्या विद्यांची मोठी बाकी थकलेली आहे. ती फेडण्याचा आरंभ विद्यापीठाने स्वतः होऊन करावा, कारण येथल्या माणसांनी ती मागण्याची वेळ आणणे विद्येला शोभणारे नाही.